सोलापुरात पॉइंट टू-टू लिव्हर अ‍ॅक्शन रायफल घ्यायची तर: नवख्यांसाठी सगळं पहिल्यापासून

लिव्हर अ‍ॅक्शन म्हणजे ती रायफल जिच्या चापाखाली कड्यासारखा लोखंडी दांडा असतो, तो हातानं खाली ढकलायचा आणि परत वर ओढायचा, तेवढ्यात रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवीन आत जातं आणि मागचा घोडा चढतो. पिक्चरमधे काउबॉय लोकांच्या हातात असते तीच. आणि रिमफायर म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेत, रिममधे, पेटणारा मसाला भरलेला असतो, पिन मधोमध न बसता त्या कडेवर बसते. आज जगात सगळ्यात जास्त झाडलं जाणारं रिमफायर काडतूस म्हणजे .२२ लाँग रायफल, जे १८८७ पासून चालत आलंय. धक्का जवळपास नाही, आवाज बाकीच्या रायफलींपेक्षा कमी, म्हणून शिकायला बेस्ट.

बरेच पोरं फोटो बघून विचारतात की ही सोलापुरात मिळंल का, लायसन्स लागतं का, कुठली घेऊ. तर सगळं एकदाच सविस्तर लिहितो. माझं म्हणणं एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो, की अमेरिकेतला माणूस कॅटलॉग बघून लिव्हर अ‍ॅक्शन निवडतो, आपल्याला तसं करता येत नाही, आपल्याकडं जी येते ती जुनी येते, त्यामुळं आपल्याला मॉडेल निवडायच्या आधी बंदूक तपासायला आणि कागद वाचायला शिकावं लागतं. हा लेख जास्त करून त्याच्यावरच आहे.

पायरी पहिली: तुम्हाला नक्की करायचंय काय

हे आधी ठरवा, कारण इथंच निम्म्या लोकांचा विषय संपतो.

स्पर्धेत उतरायचं असेल तर लिव्हर अ‍ॅक्शनच्या मागं लागू नका, अगदी मनापासून सांगतोय. आपल्या शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमधे, म्हणजे पालथं झोपून झाडायच्या प्रकारात, जागतिक विजेती झाली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर थ्री पोझिशनमधे, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून झाडायच्या प्रकारात, ब्राँझ आणलं, काडतूस तेच, .२२ लाँग रायफल. पण त्या रायफली बोल्टच्या, म्हणजे मागची कडी हातानं उचलून मागं-पुढं करायच्या, एका वेळी एक काडतूस घालायच्या, जड नळीच्या, आणि चाप एवढा हलका की नुसता श्वास लागला तरी सुटंल असं वाटतं. लिव्हर अ‍ॅक्शन घेऊन त्या लाइनवर तुम्ही उभंसुद्धा राहू शकणार नाही. त्या वाटेनं जायचं असेल तर १० मीटर एअर रायफलपासून सुरू करा आणि चांगला कोच शोधा.

शिकारीसाठी म्हणाल तर विषयच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तर नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, तिथल्या माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत, ते आपलं वैभव आहे हो. शेतात काळविटांनी पीक खाल्लं म्हणून राग येतो हे समजतं, पण त्याचा मार्ग वनखात्याकडं पंचनामा आणि भरपाई हाच. रायफल घेऊन माळावर फिरायचा विचार डोक्यात असेल तर कृपा करून इथंच थांबा.

घराच्या रक्षणासाठी पण ही योग्य नाही. मग राहतं काय? रेंजवर जाऊन निवांत, उघड्या साइटनं, म्हणजे दुर्बिणीशिवाय नळीवरच्या लोखंडी खुणांनी, पन्नास मीटरवरच्या कागदावर किंवा लोखंडी पट्टीवर नेम धरायचा, लिव्हर ओढायची, परत नेम धरायचा, यातला जो आनंद आहे तो. किंवा घरात आजोबांच्या काळापासून एखादी पडून आहे आणि ती नीट चालू करून वापरायचीय. ही दोन कारणं असतील तर पुढं वाचा, तुमच्यासाठीच लिहिलंय.

पायरी दुसरी: आधी छर्ऱ्याची बंदूक

गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फुगे फोडले नाहीत असा सोलापूरकर सापडणार नाही. ती बंदूक म्हणजे एअर रायफल, फक्त जत्रेतल्या बंदुकीची साइट कधीच सरळ नसते म्हणून तिथं किती फुगे फुटले यावरून स्वतःचा नेम ठरवू नका.

२०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतची (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी) आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल लायसन्सशिवाय घेता येते. बिल आणि ओळखपत्राची कॉपी जपून ठेवा, विचारलं कुणी तर दाखवायला. देशी बनावटीच्या चांगल्या मिळतात आता. एक सीझनभर तरी हिच्यावर हात बसवा. साइट जुळवणं, श्वास धरणं, चाप हळू दाबणं, बोट गार्डच्या बाहेर ठेवणं, नळी कधीच माणसाकडं न वळवणं, हे सगळं इथंच अंगात मुरतं. नंतर हातात लायसन्सची रायफल आली की मग फक्त मशीन नवीन असतं, सवयी आधीच पक्क्या झालेल्या असतात. जिल्ह्यातल्या रायफल असोसिएशनचं, क्लबचं सभासदत्व पण याच काळात घ्या, त्याचा उपयोग पुढच्या पायरीत आहे.

पायरी तिसरी: लायसन्स, बंदुकीच्या आधी

क्रम उलटा करू नका. बरेच जण आधी बंदूक पसंत करतात, मालकाला ॲडव्हान्स देतात आणि मग लायसन्सला पळतात. लायसन्स हातात नसताना पैसे गुंतवणं म्हणजे जमिनीचा सातबारा न बघता इसार देण्यासारखं आहे.

.२२ रिमफायर रायफल नॉन प्रोहिबिटेड बोअरमधे येते, म्हणजे सामान्य नागरिकाला लायसन्स मिळू शकतं. सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयाकडं, आणि बार्शी, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, करमाळा असं ग्रामीणमधे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडं. वय एकवीस पूर्ण पाहिजे. एकवीसच्या खालच्या पोरापोरींना क्लबमधे प्रशिक्षकासमोर शिकता येतं, पण स्वतःच्या नावावर बंदूक नाही. शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं ट्रेनिंग केल्याचं सर्टिफिकेट लागतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, पोलीस चौकशी होते, घरी बंदूक कुठं आणि कशी ठेवणार ते लिहून द्यावं लागतं. कारणाच्या रकान्यात खरं ते लिहा. टार्गेट शूटिंग असं लिहिलं आणि सोबत क्लबचं सभासदत्व, एअर रायफलच्या स्पर्धेचं एखादं सर्टिफिकेट जोडलं तर अर्जाला वजन येतं. नुसता छंद म्हणून कोरा अर्ज टाकला तर बहुतेक वेळा परत येतो, आणि त्यात अधिकाऱ्याची चूक काढू नका, शस्त्र देताना त्यानं कारण विचारलंच पाहिजे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या, आणि लायसन्सची मुदत तीन वर्षांची पाच झाली. घरात बारा बोअर आधीच नावावर असेल तर ती मोजून हिशोब करा. लायसन्सला युआयएन, म्हणजे प्रत्येक लायसन्सधारकाचा स्वतंत्र ओळख नंबर असतो, तो नसलेलं जुनं लायसन्स कुणी दाखवत असेल तर ते चालू नाही असं समजा. आणि लायसन्स महाराष्ट्रापुरतं आहे की अख्ख्या भारतासाठी, काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे सगळं त्याच्यावरच लिहिलेलं असतं, ते स्वतः नीट वाचा, दुकानदारावर सोडू नका.

हे सगळं व्हायला वेळ लागतो. लागू द्या. ज्याला इथं धीर धरवत नाही त्यानं बंदूक न घेतलेलीच बरी असं माझं स्पष्ट मत आहे.

वारसाची केस वेगळी. आजोबा किंवा वडील गेले आणि त्यांच्या नावावरची रायफल घरात आहे, तर ती कपाटात तशीच ठेवणं हा गुन्हा होतो, मग भले कुणी हात लावला नसेल. ताबडतोब पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करा, पावती घ्या, आणि मग वारस म्हणून अर्ज करा, बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडून. जुन्या वाड्यांतनं बऱ्याच चांगल्या रायफली याच कारणानं गंजून, जप्त होऊन वाया गेल्यात. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघितलं की कळतं, जपलेलं लोखंड शंभर वर्षांनी पण कसं राहतं.

पायरी चौथी: आपल्याकडं कुठली दिसू शकते

१९८० च्या दशकाच्या मधापासून साध्या लायसन्सधारकाला परदेशातनं बंदूक आणायची सोय बंद आहे, नामांकित नेमबाजांना तेवढी परवानगी मिळते. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची जी देशी .२२ स्पोर्टिंग रायफल आहे ती बोल्ट अ‍ॅक्शन. म्हणजे लिव्हर अ‍ॅक्शन पाहिजे असेल तर ती बंदीच्या आधी देशात आलेली आणि तेव्हापासून एका लायसन्सवरून दुसऱ्यावर फिरत आलेलीच असणार. यावरून एक साधी युक्ती मिळते. मॉडेल कधी बाजारात आलं ते माहीत असलं की कागद खरे वाटतात की नाही हे लगेच कळतं. आजकाल नेटवर सगळ्यात जास्त फोटो दिसतात ते हेन्री कंपनीच्या रायफलचे, तिच्या .२२ लिव्हर अ‍ॅक्शनची विक्रीच १९९७ ला सुरू झाली. ती कुणी तुम्हाला जुन्या इंपोर्टची म्हणून दाखवत असेल तर कागद दहा वेळा बघा, पहिला मालक कोण, कुठल्या परवानगीनं आणली, सगळं लेखी बघा, आणि समाधान झालं नाही तर उठून या.

मग जुन्यात काय काय येऊ शकतं?

मार्लिन ३९ए. हिचं घराणं १८९१ च्या मॉडेलपासूनचं, ३९ए हे नाव १९३९ चं. २४ इंची नळी, वजन तीन किलोच्या आसपास, सगळं लोखंड आणि अक्रोडाचं लाकूड, नळीखालच्या मॅगझिनमधे लाँग रायफलची १९ काडतुसं. मला विचाराल तर जुन्यात घ्यायची तर हीच. कारण उजव्या बाजूचा एक मोठा स्क्रू हातानं किंवा नाण्यानं फिरवला की रायफल दोन तुकड्यांत सुटते आणि नळी मागच्या बाजूनं साफ करता येते, हे किती महत्त्वाचं आहे ते पुढच्या पायरीत येईलच. लिव्हरचा फेरा मात्र मोठा आहे, छोट्या हाताच्या माणसाला गालावरनं बंदूक न काढता ओढायला सराव लागतो.

विंचेस्टर ९४२२. १९७२ ते २००५ बनली. हिच्यातही एक स्क्रू काढून दोन भाग होतात, २०.५ इंची नळी, मार्लिनपेक्षा जरा हलकी, हातात एकदम घट्ट आणि नीट बसते. हिच्यात एक एम अक्षरवाली, ९४२२एम, येते ती मॅग्नम काडतुसाची आहे. .२२ मॅग्नम आणि .२२ लाँग रायफल ही दोन वेगळी काडतुसं आहेत, मॅग्नमचं केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, जाड असतं, एकाच्या चेंबरमधे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, दुसरं वापरायचं नाही म्हणजे नाही, सैल बसलेलं केस फुटून तोंडावर येऊ शकतं. नळीवर काय कोरलंय ते वाचा. आणि मॅग्नमची असेल तर आधी डीलरला विचारा की काडतूस तुझ्याकडं खरंच येतं का, कारण काडतूस नसलेली रायफल म्हणजे नुसती काठी.

ब्राउनिंग बीएल-२२. १९६९ पासूनची, जपानमधे मिरोकूच्या कारखान्यात बनलेली. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, २० इंची नळी. लिव्हर फक्त ३३ अंशात फिरते, मनगट हललं की झालं, आणि चाप लिव्हरसोबतच खाली जातो त्यामुळं बोट अडकत नाही. बायकांना, सडपातळ माणसांना, बारक्या अंगाच्या पोरांना ही सगळ्यात सोपी. फक्त साफ करताना नळी पुढनंच साफ करावी लागते.

याशिवाय जर्मनीच्या एर्माची बनावट दिसू शकते, तीच अमेरिकेत इथाका ७२ नावानं विकली गेली. चालते ठीक, पण वरच्या तिघींएवढी मजबूत वाटत नाही.

पायरी पाचवी: हातात घेऊन तपासणं

इथं घाई करायची नाही. डीलरला सांगून टाका की अर्धा तास लागंल, दिवसा उजेडात जा, बारकी टॉर्च, कापसाचा बोळा आणि इंची टेप सोबत घ्या.

सगळ्यात आधी रिकामी आहे का बघा, आणि लिव्हर अ‍ॅक्शनमधे हे बोल्टपेक्षा जरा फसवं काम आहे. मॅगझिनची आतली नळी पुढनं ओढून पूर्ण बाहेर काढायची, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला खाली करायचं, काय असेल ते घसरून पडतं. मग लिव्हर चार-पाच वेळा पूर्ण फिरवायची. मग उघडी ठेवून चेंबरमधे डोळ्यानं बघायचं आणि बारीक बोट घालून चाचपायचं. मॅगझिन रिकामं दिसलं तरी एक काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर बसलेलं राहू शकतं, पुढच्या लिव्हरला तेच चेंबरमधे जातं, अपघात याच एका काडतुसानं होतात. दुकानदार म्हणाला रिकामी आहे तरी बघायचं, मी म्हणालो तरी बघायचं.

रिकामी असताना चाप दाबून खटखट करू नका. रिमफायरमधे पिन काडतुसाच्या कडेवर पडते, काडतूस नसलं की तीच पिन चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथं खळगा पडतो. मग काडतूस आत जाताना अडतं, बाहेर येताना फाटतं. म्हणूनच टॉर्च मारून चेंबरच्या काठावर, पिन जिथं येते त्या जागी, चपटा डाग किंवा खळगा दिसतो का बघा. जुन्या रायफलींचं हे सगळ्यात कॉमन दुखणं आहे. चांगला कारागीर बारका खळगा दुरुस्त करू शकतो, पण किंमत त्या हिशोबानं पाडून घ्या.

मग घोडा. या जुन्या रायफलींना वेगळा सेफ्टी खटका बहुतेक नसतोच, हाफ कॉक, म्हणजे घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवणं, हीच सेफ्टी. डीलरकडं डमी काडतूस असेल तर ते आत घालून घोडा अर्ध्यावर चढवा, अंगठा घोड्यावर ठेवूनच चाप जोरात दाबा. घोडा सुटला किंवा सरकला तर ती रायफल खाली ठेवा आणि चहा पिऊन घरी या. स्वस्तात दिली तरी नको. पूर्ण चढवून मागनं अंगठ्यानं ढकलून पण बघा, तिथंही सुटता कामा नये.

आता नळी. लिव्हर उघडून चेंबरच्या तोंडाशी पांढरा कागद धरा आणि पुढनं बघा. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, कडक आणि चमकदार दिसले पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजानं खाल्लेलं, एखाद्या जागी गोल अंगठीसारखी काळी रेघ म्हणजे आत गोळी अडकलेली असताना दुसरी झाडलीय, नळी तिथं फुगलीय, ती अजिबात घेऊ नका. बाहेरनं बोट फिरवलं तरी कधी कधी फुगवटा लागतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, १९५० च्या दशकापासूनच्या मार्लिनमधे १६ बारीक उथळ आटे असतात, मायक्रो-ग्रूव्ह म्हणतात, नवखा माणूस बघून म्हणतो नळी घासून गेलीय. घासलेली नसते, ती बनावटच तशी आहे.

नळीचं पुढचं तोंड नीट बघा. ज्या लिव्हर अ‍ॅक्शन सुटत नाहीत त्यांना लोक वर्षानुवर्षं पुढनं लोखंडी गज घालून साफ करतात, गज एका बाजूला घासत राहतो आणि तोंडाशी आटे एकीकडं झिजतात. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श तिथं असतो, तिथं वाकडं झालं की नेम कितीही चांगला असू द्या, गोळ्या पसरणारच. सुट्या होणाऱ्या मार्लिन आणि ९४२२ ला मी वर झुकतं माप दिलं ते याच्यासाठी.

मॅगझिनच्या नळीवर बाहेरनं पोचा नाही ना ते बघा, आतली नळी सरळ आहे का, स्प्रिंगला जोर आहे का. एक पोचा आला की काडतुसं तिथंच अडतात आणि नळी नवीन मिळणं मुश्कील. डमी काडतुसं चार-पाच मिळाली तर भरून लिव्हर हळू आणि मग जोरात फिरवून बघा, प्रत्येक वेळी आत गेलं पाहिजे आणि बाहेर फेकलं गेलं पाहिजे. हळू फिरवल्यावर अडतंय आणि जोरात चालतंय असं असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस मागं ओढून काढणारा आकडा, थकलाय.

लाकडात मनगटाच्या जागी, जिथं दस्ता बॉडीला मिळतो, तिथं केसासारखी बारीक चीर बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, लाकूड आटतं आणि तिथंच चिरतं. स्क्रूच्या खाचा चेंबटलेल्या असतील तर कुणीतरी न जाणणाऱ्या माणसानं उघडलेली आहे. पॉलिश नवीकोरी चकचकीत पण कोरलेली अक्षरं पुसट, कडा गोल झालेल्या, म्हणजे गंज घासून वरनं नवीन रंग दिलाय.

आणि सीरियल नंबर. बंदुकीवरचा, मालकाच्या लायसन्सवरचा आणि बिलावरचा, तिन्ही अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. नंबर घासलेला, परत कोरलेला वाटला तर भाव बिव काही विचारू नका.

पायरी सहावी: अंगाला बसते का

बूट घेताना आपण पायात घालून बघतो, पण हजारोंची रायफल लोक नुसती बघून घेतात. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं बूड कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा, बोट चापापर्यंत आरामात पोचलं पाहिजे. मोठ्या माणसाच्या रायफलीत चापापासून बुडापर्यंत साडेतेरा इंचाच्या आसपास असतं. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल लाकडावर ठेवा आणि डोळे उघडा. साइट समोरच दिसली पाहिजे, मान ताणून शोधावी लागत असेल तर ती तुमच्या अंगाची नाही. चष्मा असेल तर चष्मा घालूनच बघा. चाळिशीनंतर मागची साइट अंधुक दिसायला लागते, अशांनी वर स्कोप म्हणजे दुर्बीण बसवायला खाच आहे का ते बघून घ्यावं.

पायरी सातवी: व्यवहार

दोन्हीकडं चालू लायसन्स पाहिजे. खासगी मालकाकडनं घेत असाल तर मालकानं विक्रीची लेखी माहिती प्रशासनाला द्यावी लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं, ही अट आर्म्स अ‍ॅक्टमधेच आहे, त्यामुळं आज पैसे द्या आणि आज घेऊन जा असं म्हणणारा माणूस तुम्हाला गोत्यात आणणार. पहिल्यांदा घेणाऱ्यानं लायसन्सवाल्या डीलरमार्फतच व्यवहार करावा. घेतल्यावर रायफल अधिकाऱ्यासमोर दाखवून लायसन्सवर नोंद करून घ्या. नोंद होईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका.

पायरी आठवी: पहिल्यांदा रेंजवर

झाडायची ती फक्त परवानगी असलेल्या रेंजवर. शेतात, विहिरीच्या काठावर, उजनीच्या बॅकवॉटरला, कुठंच नाही. .२२ बारीक दिसते म्हणून लोक हलक्यात घेतात, पण ही गोळी दीड मैल म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर जाऊ शकते, आणि आपलं माळरान सपाट आहे, मधे अडवायला डोंगर नाही. पाण्यावर किंवा दगडावर आपटून ती कुठंही उडते. जवळ सोय नसेल तर पुण्याला म्हाळुंगे-बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडा संकुलात मोठी रेंज आहे, अडीचशे किलोमीटर पडतं, पण आधी फोन करून आणि नियम विचारून जा. वरातीत, जत्रेत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी डोक्यावरच खाली येते.

कानाला मफ, डोळ्याला चष्मा. पहिल्या दिवशी एकेक काडतूस भरूनच झाडा, मॅगझिन भरू नका. पंचवीस मीटरवर सुरू करा, गोळ्या एका जागी पडायला लागल्या की पन्नासला जा आणि साइट पन्नासला जुळवून ठेवा. शंभर मीटरवर गोळी त्याच्या सहा-सात इंच खाली पडते, हे माहीत नसलं की माणूस उगाच साइट बिघडवत बसतो. दोन-तीन प्रकारची काडतुसं मिळाली तर सगळी झाडून बघा, प्रत्येक रिमफायर नळीची आवड वेगळी असते, महागाचं काडतूस तुमच्या नळीला मानवेलच असं नाही. फुस्स असा दबका आवाज आला तर लगेच थांबा, रिकामी करा, नळी आरपार बघा, गोळी आत अडकली असंल. चाप दाबला आणि काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडंच धरून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. आणि भरलेल्या चेंबरवर अंगठ्यानं घोडा खाली सोडायची सवय लावूच नका, घामेजलेला अंगठा घसरतो, त्यापेक्षा लिव्हर ओढून काडतूस बाहेर काढलेलं कधीही चांगलं.

घरी ठेवणं

सोलापूरची हवा बाकी कोरडी, पण धूळ भयंकर. त्यामुळं तेल अगदी थेंबभर, पातळ पुसून. जास्त तेल लावलं की धूळ चिकटून लिव्हरच्या आत वाळूच्या कागदासारखा लगदा होतो. बाहेरच्या लोखंडावर घामाचे ठसे राहिले तर दोन दिवसात गंज दिसतो, म्हणून ठेवताना तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवा. नळी दर वेळी घासायची गरज नाही, .२२ ची शिश्याची गोळी नळीला फार घाण करत नाही, घासून घासून तोंड झिजवण्यापेक्षा नेम बिघडायला लागला की साफ करा, आणि गज पितळेचा किंवा कोटिंगवाला, तोंडाशी गाइड लावून. कापडी किंवा चामडी कव्हरमधे महिनोन्‌महिने ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरते. लोखंडी कपाट, भिंतीला बोल्ट मारलेलं, काडतुसं दुसरीकडं दुसऱ्या कुलपात, किल्ली तुमच्याकडंच. उन्हात उभ्या गाडीत रायफल आणि काडतुसं ठेवून होटगी रोडला जेवायला जायचं नाही.

निवडणूक लागली की आचारसंहितेत बऱ्याच जणांना शस्त्र पोलीस स्टेशनला जमा करायची नोटीस येते. जमा करायच्या आधी तेल लावून, जाड कापडात गुंडाळून, वरनं नाव आणि लायसन्स नंबरची चिठ्ठी बांधून द्या, महिना-दीड महिना तिथं कुणी पुसणार नसतं. घोड्याची, लाकडाची, साइटची स्थिती दिसंल असे फोटो काढून ठेवा. पावतीवर सीरियल नंबर बरोबर उतरवलाय का ते तिथंच उभं राहून वाचा आणि मगच निघा.